अर्धी दाढी

१

न्हाव्याची दाढी करायची एक पद्धत होती. ती त्याच्या बापाची, त्यानं उचललेली. बाकीचे न्हावी सगळ्या तोंडाला फेस लावतात आणि इकडून तिकडे वस्तरा फिरवून मोकळे होतात. हा फेस लावून आधी नुसता डावा गाल करायचा. डावा गुळगुळीत झाला की त्यावर आणि दोन्ही डोळ्यांवर गरम टॉवेल घालायचा, उजव्या गालावरचा फेस तसाच मुरू द्यायचा, आणि खुर्चीतल्या माणसाच्या कपाळावर आपला तळवा टेकवून, डोळे मिटून, मनात शंभर आकडे मोजायचा. शंभर झाले की टॉवेल काढायचा आणि उजव्या गालाला हात घालायचा. कितीही राठ दाढी असो, सायीसारखी निघायची.

घाईचं गिऱ्हाईक कुरकुरायचं. "अरे, शंभर कशाला, पन्नासात भागव की!"

"पन्नासात अर्धंच माणूस घरी जाईल," असं म्हणून हा हसायचा, पण पन्नासात कधी भागवायचा नाही.

मोजताना त्याचं मन कुठंही जायचं. विणणाऱ्या बाईचे हात सुयांवर असतात आणि ती स्वतः कुठं तरी लांब असते ना, तसं. तळवा कपाळावर, आकडे ओठांत, आणि मन गावभर.

त्या दिवशी खुर्चीत मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. कुलपांचं काम करायचा म्हणून त्याला सगळे कुलूपवाला म्हणत. आदल्या दिवशी त्याची फार शोभा झाली होती. पुलापलीकडे त्याचे उस्ताद राहायचे, त्यांच्याच हाताखाली तो कुलपं शिकला. त्या म्हाताऱ्यानं चार माणसांसमोर त्याची हत्यारं रस्त्यावर भिरकावली आणि म्हणाला, "तुझा हात चोराचा आहे." का म्हणाला, ते म्हाताऱ्यालाच ठाऊक. भावाचा पडलेला चेहरा बघून बहीण दिवसभर डोळे पुसत होती. बायकोचे डोळे लाल दिसले की न्हाव्याला घास उतरत नसे. संतापी माणूस नव्हता तो, पण त्या दिवशी तो वस्तरा पट्ट्यावर गरजेपेक्षा जोरात घासत होता एवढं खरं.

डावा गाल झाला. टॉवेल घातला. तळवा टेकवला, डोळे मिटले. चाळिसाच्या आकड्याला कारखान्याचा अकराचा भोंगा झाला. मन निघालं आणि कसं कोण जाणे, नेमकं उस्तादांकडे गेलं. त्यानं ना ते घर पाहिलं होतं, ना तो म्हातारा.

शंभर झाले. त्यानं टॉवेल काढला आणि त्याचा हात तसाच राहिला.

उजव्या गालावरचा फेस वाळला होता. कडेकडेनं नव्हे, सगळाच्या सगळा. भेगा पडल्या होत्या त्याला, उन्हात भाजलेल्या चुन्यासारख्या. बोट लावलं तर पापुद्रा निघून आला.

मेहुण्यानं डोळे उघडले. "झोपच लागली हो दाजी. लांबून आल्यासारखे पाय दुखतायत."

"साबण हलका निघाला आजचा," न्हावी म्हणाला, आणि नवा फेस करायला लागला.

२

दुपारी पोलीस आले आणि कुलूपवाल्याला घेऊन गेले. अकराच्या भोंग्याच्या वेळी उस्तादांना कुणी त्यांच्याच कामाच्या खोलीत, त्यांच्याच हातोडीनं मारलं होतं. समोरच्या सज्जात एक म्हातारी बाई कपडे वाळत घालत होती. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली, सगळी वस्ती तिला नुसतं बाईच म्हणायची. बाईंनी समोरच्या खिडकीत कुलूपवाल्याला पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे कसं, तर तो लहानपणी त्यांच्याच वर्गात बसायचा. परका असता तर चुकल्या असत्या.

न्हाव्याची बायको कमरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अकराला तो कुठं होता?"

"माझ्या खुर्चीत."

"भोंगा झाला तेव्हा?"

"माझ्या हाताखाली."

"मग झालं तर. एवढंच सांगायचं कोर्टात. तुमच्या दुकानापासून उस्तादांचं घर पायी अर्धा तास. माणूस काय उडून गेला?"

बरोबरच होतं तिचं. मेहुण्याचा वकीलही तेच म्हणाला. एकीकडे एका म्हाताऱ्या बाईचे डोळे, दुसरीकडे एका सरळ माणसाचा तळहात. न्यायाधीश दोन्ही तोलतील आणि तळहात जड ठरेल. नाही ठरला तर फास. वकील हे हळूच म्हणाला, पण बायकोनं ऐकलं, आणि त्यानंतर तिनं चार दिवस चूल नीट पेटवली नाही.

न्हाव्याच्या मनातून तो फेस मात्र जाईना. एका दुपारी दुकानाचं दार लोटून त्यानं स्वतःच्याच उजव्या गालाला फेस लावला, साबणाची तीच वडी, तोच ब्रश, आणि शंभर मोजले. फेस ओला. दोनशे मोजले. ओला. मग एका ताटलीत फेस घेऊन उन्हात ठेवला आणि घड्याळ बघत बसला. भेगा पडायला पाऊण तास लागला.

तेवढ्यात बायको आत आली. एका गालावर फेस, समोर फेसाची ताटली, आणि नवरा ताटलीकडे टक लावून बसलेला.

"हे काय? या वयात नटायचं सुचतंय का? आणि तेही अर्धं?"

त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पदराच्या टोकानं त्याचा गाल पुसला, लहान मुलाचा पुसावा तसा.

"साबण वाळला तर वाळला," ती म्हणाली. "साबणाची साक्ष काढणार आहे का कोर्ट? तुमचा हात होता ना त्याच्या कपाळावर? मग हाताचं सांगा. बाकीचं गिळून टाका. माझ्या भावाचा जीव आहे हो तो."

त्यानं मान हलवली. मनाला बजावलं की पंख्याचा वारा लागला असेल, ऊन आत आलं असेल. पंखा महिनाभर बंद होता आणि दुकानात ऊन कधीच येत नसे, ही गोष्ट मनानं ऐकूनही न ऐकल्यासारखी केली.

३

कोर्टाच्या बाहेर लांबच लांब गल्ली होती आणि भिंतीला लागून एक बाक. साक्ष होईपर्यंत साक्षीदारानं तिथंच बसायचं, आत काय चाललंय ते ऐकायचं नाही. न्हावी सकाळपासून बसून होता. मधेच आतून हशा ऐकू आला. खुनाच्या खटल्यात लोक हसतात, याचंच त्याला नवल वाटलं.

थोड्या वेळानं दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. ताठ, पांढरी साडी, हातात रुमाल घट्ट. शिपाई म्हणाला, "आपसात बोलायचं नाही हं," आणि खिडकीत जाऊन उभा राहिला. बाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या.

"हसले मला," त्या भिंतीकडे बघत पुटपुटल्या. "चाळीस वर्षांत वर्गात कुणाची टाप नव्हती."

मग त्या न्हाव्याकडे वळल्या.

"तुम्ही तेच ना, दाढी करणारे? मग तुम्हालाच विचारते. माणूस अर्धी दाढी ठेवून घराबाहेर पडतो का?"

न्हाव्यानं मान वर केली. "म्हणजे?"

"त्याच्या उजव्या गालावर फेस होता. मी पाहिलं ते सांगितलं. तर तो तुमचा वकील म्हणतो, फेस लावलेला माणूस भर बाजारातून, पुलावरून अर्धा तास चालत आला आणि एकाही माणसाला दिसला नाही? बाई, चष्मा कधी बदललात? की झाले सगळे हसायला सुरू."

गल्ली लांब होती. तिच्या टोकाला कुणाच्या तरी चपलांचा आवाज येत होता आणि जवळ मात्र येत नव्हता. न्हाव्यानं हिशेब मांडून पाहिला. त्याच्या दुकानाशिवाय कुठंही अशी दाढी होत नव्हती. आणि त्या दिवशी भोंग्याला दाढी कुठवर आली होती, हे तो आणि खुर्ची, दोघांनाच ठाऊक.

"फेस ओला होता?" त्यानं विचारलं. आवाज आपला नसल्यासारखा आला.

"लांबून काय कळणार? पण भेगा दिसत होत्या." बाई जरा सरकल्या. "अजून सांगते. त्याचे डोळे मिटलेले होते. मान अशी मागे टाकलेली. निजलेल्या पोराला कुणी उभ्यानं चालवत न्यावं, तसा आला आत. उस्ताद पाठमोरे, कामात गढलेले. हातोडी वर गेलेली दिसली. कुणी उचलली ते नाही दिसलं, खिडकीची चौकट मध्ये आली. एवढं कोर्टात सांगितलं. एक नाही सांगितलं. फेसालाच एवढे हसले, ते ऐकून तर मला वेड्यांच्या इस्पितळात धाडलं असतं."

"काय?"

"त्याच्या कपाळावर हात होता."

"त्याचाच?"

"त्याचे दोन्ही खाली लोंबत होते. मी मोजले. दुसऱ्याच कुणाचा तरी. बाकी माणूस चौकटीआड असेल म्हणा, नसेलही. मोठा हात, पुरुषाचा. नखं अगदी बारीक कापलेली."

न्हाव्यानं आपला उजवा हात हळूच मांडीखाली घेतला.

बाईंनी ते पाहिलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी रुमाल उलगडला, पुन्हा तसाच घडी केला. तेवढ्यात आतून पुकारा झाला.

४

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर त्याला सगळं काचेपलीकडचं दिसायला लागलं. पहिल्या बाकावर बायको, ओठ दाबून. समोर आरोपीच्या जागी मेहुणा, दोन महिन्यांत निम्मा झालेला. साक्ष देऊन झालेल्या बाई आता आत येऊन मागच्या बाकावर बसल्या होत्या. डोक्यावर पंखा फिरत होता आणि त्याचं घरघरणं मोजल्यासारखं येत होतं.

बचावाच्या वकिलानं विचारलं, "भोंगा झाला तेव्हा तुमचा हात कुठं होता?"

"त्याच्या कपाळावर."

"मध्ये उचललात?"

"नाही. शंभर होईपर्यंत उचलत नाही."

"एक क्षणही?"

"एक क्षणही नाही."

प्रत्येक शब्द खरा होता. एकेक बोलताना त्याला बाकावरच्या बाई आठवत होत्या. त्यांनी सांगितलं तेच तर तो सांगत होता.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. म्हातारे होते, आवाज मऊ. "तुमचे शंभर म्हणजे किती वेळ? जरा मोजून दाखवता का? दुकानात मोजता तसंच. आमचे कारकून घड्याळ लावतील."

लोक पुन्हा हसले. न्हाव्यानं पिंजऱ्याच्या कठड्यावर तळवा टेकवला. कठडा गार होता. त्यानं डोळे मिटले.

दहापर्यंत पंखा ऐकू येत होता. वीस झाले, आणि पंख्याचा आवाज पाण्याचा झाला. पुलाखालून पाणी चाललं होतं. तळव्याखालचं लाकूड कोमट लागायला लागलं. मन नेहमीसारखंच निघालं होतं आणि तो त्याला थांबवत नव्हता, कारण थांबवायचं कसं हे त्याला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. पुलावर माणसं होती. दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांमधून जावं तसा तो त्यांच्यामधून गेला, ती हलली आणि पुन्हा जागेवर आली. चाळीस. तळव्याखाली आता कपाळ होतं. ते बरोबर येत होतं, वजन नसल्यासारखं. पन्नास. एक जिना, मधली पायरी फुटकी. साठ. हिरवं दार. खोलीभर खिळ्यांना किल्ल्यांचे झुबके, आणि वारा नसताना ते हलत होते. ऐंशी. एक म्हातारा पाठमोरा बसला होता, वाकून, कानस घासत. त्याच्या मानेवरचे केस वाकडे कापलेले. कुणा अडाण्यानं कापलेत, न्हाव्याच्या मनात आलं, डावीकडे एक बोट जास्त राहिलेत. नव्वद. म्हातारा घासायचा थांबला. पाठीमागे कुणी उभं असलं की कळतं ना माणसाला, तशी त्याची मान जराशी ताठ झाली. न्हाव्याला त्याच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. पंच्याण्णव. म्हाताऱ्यानं मान वळवायला सुरुवात केली. नव्व्याण्णव.

"शंभर," तो मोठ्यानं म्हणाला आणि डोळे उघडले.

"दोन मिनिटं आणि दहा सेकंद," कारकुनानं सांगितलं.

कुणी तरी खाकरलं. आरोपीच्या जागेवर कुलूपवाला बसल्या बसल्या निजला होता. मान मागे भिंतीला टेकलेली, दोन्ही हात खाली लोंबलेले. पोलिसानं दंडाला धरून हलवलं तेव्हा तो दचकून जागा झाला आणि त्यानं आपलं कपाळ चोळलं.

मागच्या बाकावर बाईंनी दोन्ही हातांनी आपले डोळे घट्ट झाकून घेतले होते.

सरकारी वकील उठला. त्याला एकच विचारायचं होतं. "टॉवेल काढलात तेव्हा काही वेगळं दिसलं का तुम्हाला? रोजच्यापेक्षा?"

न्हाव्यानं बायकोकडे पाहिलं. ती श्वास धरून बसली होती. पदराचं टोक बोटांत, तेच, ज्यानं गाल पुसला होता.

"नाही," तो म्हणाला. "रोजच्यासारखंच."

५

पंधरा दिवसांनी निकाल लागला. न्यायाधीशांनी लिहिलं की बाई प्रामाणिक आहेत, पण प्रामाणिक डोळेही थकतात. अर्ध्या दाढीचा माणूस भर दिवसा बाजारातून जातो आणि कुणालाच दिसत नाही, हे पटण्यासारखं नाही. न्हाव्याच्या साक्षीत कुठं फट नाही. आरोपी सुटला.

बायको भावाच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली. न्हावी बाहेरच्या पायऱ्यांवर आला, तर बाई एकेक पायरी जपून उतरत होत्या. त्याला वाटलं, पुढं व्हावं, हात द्यावा आणि सांगून टाकावं की तुमचे डोळे थकलेले नाहीत. तो एक पायरी उतरला.

बाईंनी मागं न बघताच हात वर केला. "राहू द्या. हात नको."

मग थांबल्या. "मी घर बदलतेय. भाचीकडे जाते. तिच्या खोलीला खिडकी एकच आहे, तीही भिंतीवर उघडते. बरं वाटेल मला."

"बाई, मी तिथं कधी गेलो नाही हो. शपथ घेऊन सांगतो."

"खोटं कुठं म्हणतेय मी तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "तुम्हीही खरं बोललात आणि मीही. म्हणून तर झोप येत नाही."

६

सुटून आल्यावर दोन दिवसांनी मेहुणा दुकानात आला. सकाळची वेळ, दुसरं गिऱ्हाईक नाही. आत घरात बायको भांडी लावत काही तरी गुणगुणत होती, कित्येक दिवसांनी. मेहुणा सवयीनं खुर्चीत बसला आणि मान मागे टाकली.

"करा, दाजी. तुरुंगातल्या न्हाव्यानं नुसतं खरवडलंय."

न्हाव्यानं सगळ्या तोंडाला फेस लावला आणि दोन्ही गाल एका दमात करायला घेतले, बापानं पाहिलं असतं तर रागावला असता. टॉवेल घेतला नाही. कपाळाला हात लावला नाही. डोळे तर इतके उघडे ठेवले की त्यांतून पाणी यायला लागलं. मेहुण्यानं एक डोळा उघडून पाहिलं.

"आज मोजणार नाही?"

"सोडलं मोजायचं."

"अरेरे. छान झोप लागायची." वस्तरा गालावरून उतरत होता. मेहुणा ओठ न हलवता, दाढी करताना माणसं बोलतात तसं, हळूहळू बोलायला लागला. "तुरुंगात एक आठवत राहायचं. त्या दिवशी लागली होती ना झोप, त्यात स्वप्न पडलं होतं. कुणाला सांगितलं नाही. वकिलालाही नाही."

न्हाव्याचा हात थांबला.

"पुलावरून चाललो होतो आपण. तुम्ही आणि मी. तुम्ही माझ्या कपाळावर हात ठेवून नेत होता. भीती नाही वाटली. लहानपणी ताप आला की ताई असाच हात ठेवायची. उस्तादांच्या दारात आलो. किल्ल्या वाजल्या."

"मग?"

"मग तुम्ही म्हणालात, तू बघू नकोस."

वस्तरा गळ्यापाशी होता. त्याखाली मेहुण्याचा कंठमणी हलला. न्हाव्याला विचारायचं नव्हतं, पण जीभ त्याची राहिली नव्हती.

"हातोडी कुणी उचलली?"

"ते मला कसं माहीत असणार? माझे डोळे मिटलेले होते." मेहुण्यानं आता दोन्ही डोळे उघडले आणि वर, न्हाव्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. माया होती, आणि तीच बघवत नव्हती. "तुम्ही काळजी करू नका दाजी. तुमची साक्ष झाली, माझी अजून कुणी काढली नाही. काढलीच तर सांगेन. अकराच्या भोंग्याला तुम्ही कुठं होता? माझ्या खुर्चीच्या मागे. एक क्षणही हलला नाहीत."

आतून बायकोचा आवाज आला, हसरा, मोकळा. "झाली का दाढी? या दोघं, पानं वाढलीत."

न्हाव्यानं आरशात पाहिलं नाही. त्यानं वस्तरा मिटला.

"आलो," दोघं एकाच वेळी म्हणाले, आणि आत तिला एकच आवाज ऐकू गेला.